आमच्या पाड्याचा नकाशा आम्हीच वाचणार

(वनहक्क शिबिराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी झालेलं भाषण. दोघी मिळून बोलल्या. जसं बोलल्या तसंच छापलं आहे. ग्रामसभेत वाचून दाखवावं.)

इथं जमलेल्या आया-बायांनो, बाबांनो, वनहक्क समितीच्या मंडळींनो आणि मागं भिंतीला टेकून उभ्या असलेल्या पोरापोरींनो,

आम्हाला सांगितलं होतं, की तुम्ही दोघी काय शिकलात, कुठं काम केलंत, ते सगळ्यांना सांगा. ते सांगूच. पण आधी कामाचं बोलू. आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या हातात एक कागद आलाय. वर दावेदाराचं नाव, खाली गट नंबर आणि कारणाच्या रकान्यात एकच ओळ: "उपग्रह चित्रात लागवड आढळून येत नाही." कुणाचा दावा पूर्ण नामंजूर, तर कुणाचा मंजूर, पण दोन एकरांचे वीस गुंठे झालेले. आजचं आमचं बोलणं या एका ओळीबद्दल आहे. आम्ही जे शिकलो ते ही ओळ वाचायला आणि तिला उत्तर द्यायला उपयोगी पडतं, म्हणून शिकण्याची गोष्ट सांगायची.

आम्ही दोघी याच डोंगरातल्या. आश्रमशाळेत दहावी, तालुक्याला अकरावी-बारावी सायन्स, मग शहरात भूगर्भशास्त्र घेऊन बीएस्सी. भूगर्भशास्त्र म्हणजे दगड, माती, पाणी, डोंगर कसे झाले त्याचं शास्त्र. घरी सांगितलं तेव्हा आजी म्हणाली, "दगड शिकून पोट भरतं का गं बायांनो?" प्रश्न बरोबरच होता. कॉलेजात दगड पेटीत असायचे, प्रत्येकाला नंबर चिकटवलेला. पेटीतला एक दगड आपल्या दारातलाच, काळा कातळ. पुस्तकात त्याला बेसाल्ट म्हणतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून लाव्हा वर आला, पसरला, थिजला, त्यावर पुन्हा नवा थर आला. असे थरावर थर चढून हा सह्याद्री झाला. हे वाचताना वाटायचं, हे तर आपल्याच डोंगराबद्दल लिहिलंय, मग यात आपली माणसं कुठं नाहीत कशी?

शेवटच्या वर्षाला शिकाऊ म्हणून कुठंतरी काम करावं लागतं. त्याला इंटर्नशिप म्हणतात. आमच्या वर्गातले बरेच जण खडी मशीनवाल्यांकडे, बोगद्याच्या कामावर, बोअरवाल्यांकडे, खाणीवर गेले. त्यांना दोष नाही, तिथं पगार असतो. आम्ही मात्र पाणी आणि वनहक्कावर काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत सहा महिने गेलो. पगार नव्हता, येण्या-जाण्याचे पैसे आणि जेवण. पहिल्या दिवशी तिथल्या ताईंनी आमच्या हातात टेप, होकायंत्र, वही आणि जीपीएसचं यंत्र दिलं आणि म्हणाल्या, "पाड्यावर जा. पाणी भरायला जाणाऱ्या बाईच्या मागं मागं चाला. ती कुठं थांबते, कुठं भांडं टेकवते, लिहून आणा. यंत्र नंतर काढा."

आमचं खरं शिक्षण तिथं सुरू झालं.

आपल्याकडं जव्हार-मोखाड्याच्या पट्ट्यात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तरी मार्च संपला की बाया हंडे घेऊन ओहळात डवरे खणतात. बाहेरचा माणूस म्हणतो, हे लोक पाणी अडवत नाहीत. कारण दगडात आहे. अखंड काळा कातळ पाणी धरतच नाही. पाणी राहतं ते वरच्या मुरुमात, कातळाच्या भेगांत आणि मांजऱ्या खडकात. मांजऱ्या म्हणजे ज्यात बारीक-बारीक पोकळ्या असतात तो, विहीर खणणाऱ्यांना चांगला माहीत आहे. दोन थरांच्या मध्ये कुठं कुठं लाल गेरूचा पट्टा असतो. वरून मुरलेलं पाणी अशा पट्ट्याशी किंवा अखंड कातळाशी अडतं आणि डोंगराच्या कुशीतून झरा म्हणून बाहेर येतं. उतार उभा, वरचा थर पातळ, म्हणून आलेला पाऊस महिना-दोन महिन्यांत निघून जातो.

हे आम्हाला कुणी सांगितलं? अर्धं पुस्तकानं, अर्धं एका म्हाताऱ्या आजींनी. त्या म्हणाल्या, "उंबर जिथं हिरवा राहतो, तिथून दहा पावलं वर खणा, खाली नको." आम्ही त्या जागेचे थर मोजले. उंबराच्या वरच्या अंगाला मांजऱ्या, खाली कातळ. आजींचं बोलणं आणि आमचा नकाशा जुळला. मग आम्ही वहीत दोन्ही लिहिलं, आजींचं बोलणं वर आणि आमचं मोजमाप खाली.

आता याच पाण्यातली दुसरी गोष्ट. तानसा धरण १८९२ साली बांधून झालं, मोडकसागर १९५७ साली. नंतर वरची वैतरणा, भातसा, मध्य वैतरणा. या सगळ्या धरणांचं पाणी मुंबईला जातं. पाऊस आपल्या डोंगरावर पडतो, जमीन आपल्या लोकांची बुडते, पाइप आपल्या गावांजवळून जातो आणि उन्हाळ्यात टँकर आपल्याच पाड्यावर येतो. यालाच पुस्तकात पर्यावरणीय न्यायाचा प्रश्न म्हणतात. शब्द मोठा आहे, अर्थ साधा आहे: जंगल, पाणी, जमिनीचा फायदा कुणाला होतो, नुकसान कुणाच्या वाट्याला येतं आणि ठरवताना कुणाला विचारलं जातं. संघटनेच्या मोर्च्यात आपण हेच बोलत आलो. आम्हाला कळलं ते एवढंच, की याला मोजून दाखवताही येतं.

आता त्या ओळीकडं येऊ. "उपग्रह चित्रात लागवड आढळून येत नाही."

उपग्रह म्हणजे वर फिरणारं यंत्र. ते खालून परत येणारा उजेड टिपतं. चित्र चौकोन-चौकोनाचं बनतं, जशी गोधडी तुकड्या-तुकड्यांची. एका चौकोनाला एकच रंग. त्या चौकोनाच्या आत अर्धी नागली आणि अर्धं ऐनाचं झाड असलं, तरी रंग एकच, दोन्हींची सरासरी. म्हणून पहिला प्रश्न, चौकोन केवढा?

आपल्या देशाच्या उपग्रहांवर लिस-तीन नावाचा एक कॅमेरा आहे. त्याचा एक चौकोन साडेतेवीस मीटर लांब, साडेतेवीस मीटर रुंद. म्हणजे साधारण साडेपाच गुंठे. दहा गुंठ्यांचा वरईचा तुकडा या चित्रात दोन चौकोनांत संपतो. बांधावर दोन मोह, एक आंबा असेल तर ते दोन्ही चौकोन जंगलासारखे दिसतात. दुसरा कॅमेरा लिस-चार, त्याचा चौकोन ५.८ मीटरचा. त्यात बरंच बरं दिसतं. कार्टोसॅट-एक हा उपग्रह मे २००५ मध्ये वर गेला, त्याचा चौकोन अडीच मीटरचा, पण चित्र काळं-पांढरं. तेव्हा "उपग्रह चित्र" एवढंच लिहिणं म्हणजे "साक्षीदारानं पाहिलं" असं लिहून, साक्षीदार किती लांब उभा होता ते न सांगणं.

दुसरा प्रश्न, चित्र कोणत्या महिन्याचं? कायद्यात तारीख आहे १३ डिसेंबर २००५. त्या दिवशी जमीन ताब्यात असायला हवी. पावसाळ्यात ढग असतात, म्हणून चित्र बहुतेक पावसाळ्यानंतरचं घेतात. डिसेंबरात आपल्या वरकस जमिनीवर काय असतं? नागली काढून झाली, वरई झोडून झाली. उरतं ते धसकट आणि सुकं गवत. वरून ते माळासारखं दिसतं. जमीन आपण सोडलेली नसते, पीक घरात आलेलं असतं.

तिसरा प्रश्न, पड. आपण वरकसावर एक वर्ष नागली, एक वर्ष वरई, मग खुरासणी, नंतर जमीन काही वर्षं विसाव्याला सोडतो. त्या वर्षांत झुडपं येतात. २००५ साली जी जमीन विसाव्याला होती ती चित्रात झुडपांची दिसणारच. म्हणून एका सालाचं चित्र पुरत नाही. आधीची दोन-तीन सालं आणि नंतरची दोन-तीन सालं शेजारी ठेवली की पीक, पड, पीक असा क्रम दिसतो. जंगल असं येत-जात नाही.

चौथा प्रश्न, रंग. या चित्रांत खूप वेळा हिरवी झाडं लाल दिसतात. झाडाची पानं डोळ्याला न दिसणारा एक उजेड जास्त परत पाठवतात, त्याला चित्रात लाल रंग देतात. शिबिरात एका काकांनी विचारलं, "आमचा डोंगर जळालाय का?" जळलेला नाही. लाल म्हणजे हिरवं. हे कुणी सांगितलं नाही तर शिकलेला माणूससुद्धा चित्र उलटं वाचेल. डोंगराची सावली वेगळीच. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, उत्तरेकडच्या उतारावर सावली पडते आणि तिथलं शेत काळपट डागात जातं.

पाचवा प्रश्न, प्लॉटची रेघ चित्रावर नीट बसवली का? मोजणीची रेघ आणि चित्र एकमेकांवर ठेवताना ते सरकू शकतात. शेत ओहळाच्या अलीकडे आणि रेघ पलीकडे जंगलात, असं आम्ही स्वतः पाहिलंय. तपासायची रीत सोपी आहे. जी जागा सगळ्यांना ठाऊक आहे, शाळा, पूल, नदीचं वळण, ती आधी चित्रात शोधायची. तीच जर सरकलेली असेल तर प्लॉटही सरकलेला आहे.

हे पाच प्रश्न पाठ करा: कोणता उपग्रह आणि चौकोन केवढा? कोणती तारीख? आगची-मागची सालं पाहिली का? चित्र कुणी वाचलं आणि जागेवर येऊन कुणी पाहिलं? रेघ बरोबर बसली का? एवढं लेखी विचारलं तरी त्या एका ओळीच्या मागं काय होतं आणि काय नव्हतं ते बाहेर येतं.

आणि हे विचारायचा हक्क आपल्याला कायद्यानं दिलाय. वनहक्क कायदा २००६ चा, नियम २००८ चे, आणि ६ सप्टेंबर २०१२ ला नियमांत दुरुस्ती झाली. त्यातल्या नियम १२-अ मध्ये स्वच्छ म्हटलंय, की उपग्रह चित्र आणि इतर तंत्रज्ञान हे बाकीच्या पुराव्यांना पूरक म्हणून घ्यावं, त्यांच्या जागी घेऊ नये. अमुकच कागद आणा असा आग्रह धरून दावा फेटाळता येत नाही. दावा फेटाळायचा किंवा कमी करायचा तर सविस्तर कारण द्यावं लागतं आणि दावेदाराला तो निर्णय व्यक्तिशः कळवावा लागतो, म्हणजे त्याला ६० दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येईल. शेजारी गुजरातमध्ये असेच चित्राच्या जोरावर दावे फेटाळले गेले. लोक आणि तिथली संघटना उच्च न्यायालयात गेले. २०१३ साली न्यायालयानं ते दावे बाकीचे पुरावे बघून पुन्हा तपासायला सांगितले. तिथल्या गावांनीही जीपीएस हातात घेतलं होतं, चित्रं स्वतः पाहिली होती, म्हणून बोलायला तोंड होतं.

कुणी म्हणेल, फेटाळला तर फेटाळला, कसतो तर आपणच. असं सोडू नका. १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं फेटाळलेल्या दावेदारांना जमिनीवरून हटवण्याचा आदेश दिला होता. देशभर आदिवासी रस्त्यावर आले, तेव्हा २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली. म्हणजे कागदावरची ती एक ओळ उद्या दारात पोलीस आणू शकते. प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत कुणाला हटवता येत नाही, असं कायद्याचं कलम ४ (५) सांगतं. प्रक्रिया पूर्ण झाली की नाही हे ठरवताना आपला अर्ज, आपली दाद कागदावर असली पाहिजे.

आता आपल्या बाजूचा पुरावा. नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे आणि त्यातलं निम्मं आपल्या पायाखाली पडलेलं आहे. घर, झोपडी, बांध, सपाट केलेली जमीन, विहीर, पुरण्याची जागा, देवाची जागा आणि वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब. दाव्याबरोबर यातले किमान दोन पुरावे लागतात.

शिकाऊ म्हणून आम्ही जे शिकलो त्यातलं सगळ्यात कामाचं म्हणजे बांध वाचणं. उतारावर बांध घातला की दर पावसाळ्यात वरून आलेली माती त्याच्या वरच्या अंगाला साठते. नवा बांध असेल तर माती थोडी. जुना असेल तर वरची बाजू भरून सपाट झालेली, खालची बाजू उंच राहिलेली. एका मीटरची काठी धरून फोटो काढा. शेतातून वेचून कडेला रचलेल्या दगडांचा ढीग, त्यावर चढलेलं शेवाळ, राब भाजल्याच्या जागेची काळी माती, हे सगळं वहीत घ्या. वाऱ्यापावसानं दगड वेचून ढीग होत नाहीत. ते माणसाच्या हाताचं काम आहे.

मोजणीबद्दल तीन गोष्टी, कारण इथंच गुंठे जातात.

एक, जीपीएस घेऊन चालताना बांधाच्या बाहेरच्या कडेनं चाला. काटे टाळायला आतून चालतात आणि जमीन घटते. दहा गुंठ्यांचा चौरस तुकडा म्हणजे साधारण ३२ मीटर बाजू. चारी बाजूंनी तीन-तीन मीटर आतून चाललात तर बाजू उरते २६ मीटर. हिशेब केला तर पावणेसात गुंठे. सव्वातीन गुंठे निव्वळ चालण्यात गेले.

दोन, झाडाखाली यंत्र चुकतं. मोकळ्यात तीन ते पाच मीटर, दाट झाडीत त्याहून जास्त. कोपऱ्यावर पोचलं की लगेच बटण दाबू नका. थोडं थांबा, आकडा स्थिर होऊ द्या. शक्यतो पानगळ झाल्यावर मोजा. टेपनं एक-दोन बाजू मोजून ताळा घ्या.

तीन, उतार. नकाशातली जमीन वरून पाहिलेली, सपाट धरलेली असते. उतारावर टेप लावून ४० गुंठे भरली, आणि उतार २० अंशांचा असला, तर नकाशात साधारण साडेसदतीस येतात. ३० अंशांचा उभा उतार असला तर साडेचौतीस. इथं कुणी चोरी केलेली नसते, गणितच तसं आहे. हे आधी कळलं तर उगीच भांडण होत नाही, आणि जिथं साडेचौतीसच्या जागी वीस आले तिथं भांडायला जोर येतो.

आमच्या ओळखीच्या एका बाबांचं हेच झालं. दावा कमी होऊन आला. तालुक्याच्या एका कार्यालयात गेलो, तर टेबलामागचे साहेब म्हणाले, "कॉम्प्युटरनं काढलंय, कॉम्प्युटर खोटं बोलत नाही." बाबा गप्प उभे. आम्ही विचारलं, चित्राची तारीख काय आणि चौकोन केवढा? त्यांच्याकडं उत्तर नव्हतं. मग बाबांनी त्यांच्या बोलीत विचारलं, "साहेब, कॉम्प्युटर माझ्या बांधावर कधी आला होता?" मग पाच प्रश्नांचा अर्ज, बांधांचे फोटो, दोन म्हाताऱ्यांचे जबाब आणि ग्रामसभेचा ठराव असं सगळं जोडून मुदतीत दाद दाखल केली. निर्णय अजून यायचाय. पण आता फाइलमध्ये एका ओळीच्या समोर अकरा पानं आहेत.

आता एक अवघड गोष्ट बोलायची. हे भूगर्भशास्त्र आपल्याच बाजूचं आहे असं समजू नका. जमिनीखाली लोखंड कुठं, बॉक्साइट कुठं, खडीचा चांगला कातळ कुठं, हे शोधणारे आमच्यासारखेच शिकलेले असतात. त्यांच्या नकाशात डोंगर असतो, डोंगरावरचा पाडा नसतो. ओडिशात नियमगिरी डोंगर आहे, डोंगरिया कोंध लोकांचा. माथ्यावर बॉक्साइट. खाणवाल्यांना तो माल दिसला. तिथल्या लोकांना ठाऊक होतं, की तोच माथा पावसाचं पाणी पिऊन धरतो आणि खाली ओढे वाहते ठेवतो. तिथं त्यांचा देव नियमराजाही आहे. १८ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, ग्रामसभांना विचारा. १२ ग्रामसभा झाल्या आणि बाराच्या बारा गावांनी नाही म्हटलं. दगडाची माहिती दोन्हीकडे होती. निर्णय ग्रामसभेच्या हातात आला म्हणून डोंगर राहिला.

म्हणून आम्हाला विचारतात, की पुढं काय करणार, तर आमचं उत्तर असं. नोकरी लागेल, लागायलाच हवी. घरी भावंडं आहेत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेत किंवा दुसरीकडं भूगर्भशास्त्राच्या जागा निघतात, त्या आपल्या पोरांनी भराव्यात. विहीर कुठं घ्यायची ते ठरवणाऱ्या टेबलावर आपलं माणूस बसलं तर वाईट काय? पण शिकलेलं जे काही आहे ते आधी ग्रामसभेसमोर मांडायचं, हा नियम आम्ही दोघींनी स्वतःला घालून घेतलाय. आमच्या सहा महिन्यांच्या कामाचा अहवाल कॉलेजला इंग्रजीत दिला. त्याच्या आधी तो पाड्यावर आपल्या बोलीत वाचून दाखवला, आणि झऱ्यांचा नकाशा शाळेच्या भिंतीवर चुन्यानं काढला. लोकांनी त्यात दोन झरे वाढवले आणि एका ओहळाचं नाव दुरुस्त केलं.

यापुढं बाहेरचे विद्यार्थी आपल्याकडं शिकायला येतील. येऊ द्या. पण ग्रामसभेनं त्यांना चार अटी सांगाव्यात असं आम्ही सुचवतो. येण्याआधी ग्रामसभेत उभं राहून काय करणार ते सांगायचं. जे मोजलं, लिहिलं, फोटो काढले, त्याची प्रत गावात ठेवून जायचं. देवाची जागा आणि औषधी झाडपाला यांची माहिती ग्रामसभेच्या परवानगीशिवाय गावाबाहेर न्यायची नाही. आणि जाताना गावातल्या दोघांना ते काम शिकवून जायचं. शिकाऊ माणूस निघून गेला आणि काम थांबलं, तर ते काम गावाचं झालंच नाही.

मागं उभ्या पोरापोरींना आमचं सांगणं. बारावी सायन्स झाली असेल तर भूगर्भशास्त्राला घाबरू नका. गणित लागतं, इंग्रजी लागतं, पहिलं वर्ष जड जातं. पण खडक ओळखण्यात तुम्ही शहरातल्या पोरांच्या पुढं असाल. मांजऱ्या तुम्ही पायानं ओळखता. शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत भरा, जातीचा दाखला आणि वैधता आधीच काढून ठेवा. नापास झालात किंवा शाळा सुटली असेल तरी जीपीएस चालवायला, बांध मोजायला, जबाब लिहून घ्यायला पदवी लागत नाही. आमच्या पाड्यावर सगळ्यात नेमकी मोजणी एक सातवी शिकलेली बाई करते. तिला ओहळाचं प्रत्येक वळण तोंडपाठ आहे.

आणि पोरींना वेगळं सांगतो. मोजणीला पुरुषच जातात, बाया घरी. पण हक्काचा कागद नवरा-बायको दोघांच्या नावानं होतो, कायद्यातच तसं आहे. मग मोजतानाही दोघांनी चालायचं. कंद कुठं, पाणी कुठं, गवत कुठं, सामूहिक हक्काच्या नकाशात हे बायांनीच भरायचंय.

आता संघटनेपुढं आमची मागणी. प्रत्येक पाड्यानं दोन माणसं द्यावीत, एक बाई आणि एक तरुण. पुढच्या महिन्यापासून आम्ही दोघी रविवारी पाड्या-पाड्यावर येऊन शिकवू. ज्या पाड्यावर शिकवू तिथं राहायची सोय तेवढी करा. प्रत्येक ग्रामसभेनं एक वही आणि एक पेटी ठेवावी. दाव्याची प्रत, नकाशाची प्रत, जबाब, फोटो आणि पोच, सगळं त्या पेटीत. मूळ कागद कुणाही साहेबाला देऊ नका, आम्हालाही देऊ नका.

आज जेवणानंतर आम्ही त्या आंब्याखाली बसतोय. ज्यांच्याकडं ती एक ओळीची चिठ्ठी आलीय त्यांनी घेऊन यावं. पहिल्यांदा तुमच्या हातात कागद कधी पडला ती तारीख बघू, कारण दाद मागायला ६० दिवसांची मुदत आहे. मुदत गेली असं वाटत असेल त्यांनीही या. ३० दिवस वाढवून देण्याचा अधिकार समितीला आहे, आणि कागद व्यक्तिशः दिलाच नसेल तर तेही लिहून मांडता येतं. ज्यांचे दिवस संपत आलेत त्यांचा अर्ज आधी लिहू, बाकीच्यांचा नंतर. म्हाताऱ्या माणसांचे जबाब आजच लिहून घेऊ. बांध उद्याही जागेवर असेल, म्हाताऱ्यांची आठवण लिहून घेतली तरच राहील.

जोहार! जिंदाबाद!